दावा हरलो आणि मग ट्रंकेत कागद सापडला: अपील, रिव्ह्यू की गप्प बसावं?

पायवाट (३० जून)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या चुलत्यांच्या मुलांनी वडिलांवर वाटपाचा दावा लावला होता. वडील प्रतिवादी क्रमांक ३. आमचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं, की आजोबा आणि त्यांच्या भावांमध्ये १९७४ सालीच वाटणी झाली, प्रत्येकाचा ताबा वेगळा आहे, आता पुन्हा वाटप कसलं? नऊ वर्षं तारखा केल्या. ४ जूनला कनिष्ठ स्तर कोर्टाने निकाल दिला, की पूर्वीची वाटणी शाबीत होत नाही, सबब सगळी जमीन एकत्र धरून हिस्से पाडावेत.

निकालानंतर आठ दिवसांनी वडिलांनी जुनी ट्रंक उघडली. त्यात १९७४ चा वाटणीचा कागद! चार भावांच्या सह्या, दोन अंगठे, पंचांची नावं. नोंदणी केलेली नाही.

वडील ७२ वर्षांचे. ते म्हणतात, खटला पहिल्यापासून पुन्हा चालवायला सांगू. वकील म्हणतात अपील करा. आई म्हणते, द्या सोडून, पोरं आपलीच आहेत. मला एवढंच विचारायचंय: निकाल लागल्यावर पुरावा सापडला तर खटला पुन्हा चालवता येतो का? आणि अनुभवी लोकांनी सांगावं, अपिलात खरंच काही हाती लागतं का?

कावळा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

कुणीतरी लिहिणारच होतं, म्हणून मीच लिहून टाकलं. आता पुढे बोला.

खटपट्या

४ जूनचा निकाल आणि आज ३० जून?? जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवसांची मुदत असते राव. तुमच्याकडे चार दिवस उरलेत आणि तुम्ही इथे धागे काढताय!

पायवाट

@खटपट्या, घाबरवू नका हो. निकालाच्या नकलेचा (प्रमाणित प्रतीचा) अर्ज ९ जूनला दिलाय. नक्कल २७ तारखेला तयार झाली असं कारकून म्हणाले. अजून आणलेली नाही.

उंटावरचा_शहाणा

मग काळजी नको. नक्कल हातात पडली की तिथून ३० दिवस. सावकाश आणा, तेवढेच दिवस वाढतील. आमच्या भावकीत एकाने असंच केलं होतं.

काळा_कोट

वरचा सल्ला कृपया कुणीही ऐकू नका. याच समजुतीपायी दरवर्षी किती अपिलं विलंब माफीच्या (उशीर माफ करा म्हणून करायच्या) अर्जात अडकतात, ते आम्ही रोज बघतो.

मुदत निकालाच्या तारखेपासूनच मोजतात. निकालाचा दिवस सोडायचा, आणि नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ वजा मिळतो. मुदत कायद्याच्या कलम १२ मध्ये हे आहे. पण वजा काय मिळतं? अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस. तयार झालेली नक्कल तुम्ही आणायला गेला नाहीत, तर तो आळस तुमच्या खात्यावर. तसंच ४ ते ९ जून हे अर्ज न दिलेले दिवसही तुमचेच.

हिशोब मांडतो. ४ जून सोडून ३० दिवस म्हणजे ४ जुलै. ९ ते २७ जून हे दोन्ही दिवस धरून १९ होतात. म्हणजे २३ जुलै. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर उघडेल त्या दिवशी. पण शेवटच्या दिवसाचा हिशोब फक्त पोटात ठेवायचा, वागायचं मात्र मुदत उद्या संपतेय असं. नक्कल उद्या आणा, तिच्या पाठीमागे अर्ज, तयार आणि दिल्याच्या तारखा असतात त्या स्वतः वाचा.

(मी वकील आहे, पण तुमचा वकील नाही. तुमच्या वकिलांनी कागद पाहिलेत, मी नाही.)

खटपट्या

म्हणजे चार दिवस नाही, तेवीस दिवस. मी घाबरवलं म्हणून हिशोब तरी निघाला. श्रेय द्या.

नांगरट

पायवाट भाऊ, आम्ही यातून गेलोय, म्हणून लांब लिहितो.

आमचं अपील जिल्हा कोर्टात अकरा वर्षं होतं. पहिली तीन वर्षं नुसती समोरच्यांना नोटिसा लागण्यात गेली. कुणी मुंबईला, कुणी सुरतेला, एक मुलगी लग्न होऊन कर्नाटकात. मग कागदपत्रं खालच्या कोर्टातून वर यायची वाट. नंतर बोर्डावर यायचं आणि वेळ नाही म्हणून पुढे जायचं. हे सगळं सोसलं. पण अपील गेलं कशामुळे ते ऐका. उत्तरवादी क्रमांक ५ वारला. आमचे लांबचे चुलते. दहाव्याला आम्ही सगळे गेलो, जेवून आलो. आणि कोर्टाला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! मयताचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर आणावे लागतात. नाही आणले तर त्याच्यापुरतं अपील आपोआप पडतं, आणि वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार एकमेकांत इतके अडकलेले असतात, की एकापुरतं पडलं की सगळंच पडल्यासारखं. समोरच्या वकिलाने दोन वर्षं गप्प राहून मग मृत्यूचा दाखला काढला.

पुढे अर्ज-विनंत्या करून ते जिवंत केलं, पण त्यातही दीड वर्ष गेलं. तेव्हा पहिली गोष्ट, समोरच्या बाजूला किती माणसं आहेत आणि त्यांची वयं काय, याची यादी भिंतीवर लावा. विनोद करत नाहीये.

कावळा

शत्रूच्या तब्येतीची इतकी काळजी फक्त अपिलार्थीच घेतो.

सायसाखर

@नांगरट, बापरे. दहाव्याला जेवून आल्यावर वारस लावायचे राहिले, हे वाचून हसावं की रडावं कळेना.

पायवाट, आईचं म्हणणं कुणी विचारात घेतंय का? नऊ वर्षं गेलीच आहेत. लोकन्यायालयात तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते. तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणजे एकदाचं सुटता.

बोरूबहाद्दर

रिव्ह्यू करा की! त्याच कोर्टाला सांगायचं, साहेब हा नवा कागद बघा. अपिलापेक्षा स्वस्त, आणि कोर्टही तेच, त्यांना प्रकरण पाठ असतं.

काळा_कोट

रिव्ह्यूचा मार्ग आहे, दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ४७. त्यालाही ३० दिवसच. कारणं तीन: नवा महत्त्वाचा पुरावा, जो पुरेशी काळजी घेऊनही आधी माहीत नव्हता किंवा हजर करता आला नाही, रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक, किंवा तशाच तोडीचं दुसरं कारण. न्यायाधीशाने पुरावा चुकीचा तोलला, हे रिव्ह्यूचं कारण होत नाही. ते अपिलाचं.

आता वडिलांचा "पहिल्यापासून पुन्हा चालवा". दिवाणीत हे असं मागून मिळत नाही. फेरचौकशीला पाठवायचं, म्हणजे रिमांड, हे अपिलाचं कोर्ट ठरवतं, आणि आजकाल हात आखडूनच ठरवतं, कारण त्यात प्रकरण आणखी पाच-सात वर्षं खाली जातं. निकाल एकतर्फी लागला असता, समन्सच बजावलं नसतं, तर गोष्ट वेगळी. मग ऑर्डर ९ नियम १३ खाली त्याच कोर्टात तो हुकूमनामा रद्द करून मागता येतो. तुमच्या वडिलांनी नऊ वर्षं लढा दिलाय, तो दरवाजा बंद.

राहिलं अपील. त्यात नवा पुरावा द्यायला ऑर्डर ४१ नियम २७ आहे. तिथेही प्रश्न तोच, काळजी घेऊनही सापडला नव्हता का? म्हणून दोन गोष्टी विचारतो. एक, कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) १९७४ ची वाटणी स्पष्ट लिहिली होती का? कैफियतीत नाही ते पुराव्यात चालत नाही. दोन, ट्रंक कुठे होती?

मोडी_वाचक

कागद मोडीत आहे का? असल्यास लिप्यंतर करून देईन, फुकट.

पायवाट

@मोडी_वाचक, नाही हो, बाळबोधच आहे. शाळेच्या मास्तरांनी लिहिलाय, अक्षर मोत्यासारखं.

@काळा_कोट, कैफियतीत परिच्छेद ७ मध्ये १९७४ ची वाटणी आहे, साल, पंच सगळं. ट्रंकेबद्दल नंतर लिहितो.

मोडी_वाचक

अरेरे. बरं मग थोडं अवांतर.

अपिलाची ही हौस आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे (गावकरी-भाऊबंदांच्या सभेपुढे) मनसुबी, म्हणजे न्यायनिवाडा, चालायची, तेव्हा सुरुवातीलाच दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आज आपण नोकरी सोडतो तो राजीनामा नव्हे. आम्ही या सभेच्या निवाड्यास राजी आहोत, असं लिहून देणं. वर जामीन वेगळा. निकाल लागला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र, आणि हरणाऱ्याकडून यजितखत. म्हणजे मी हरलो, यापुढे या वतनाशी कटकट करणार नाही, असं त्यानेच आपल्या हाताने लिहून द्यायचं! शिवाय जिंकणाऱ्याने सरकारात हरकी (जिंकल्याचा नजराणा) भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी (दंड). आणि एवढं लिहून घेऊनही लोक दुसऱ्या गावच्या गोतापुढे, नाहीतर थेट हुजुरात (राज्यकर्त्यांपुढे) तोच तंटा पुन्हा नेतच. जुन्या महजरांत (सभेच्या निवाड्याच्या कागदांत) एकेका पाटीलकीचं भांडण दोन-तीन पिढ्या चाललेलं सापडतं.

कावळा

जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. म्हणजे सरकार दोन्हीकडून खूश. कोर्ट फी स्टॅम्पचे पूर्वज सापडले.

निळी_शाई

@मोडी_वाचक, मस्त माहिती. अवांतरात भर घालते. वरच्या कोर्टात निकाल कसा उलटापालटा होतो, याचं आपल्याकडचं नामी उदाहरण म्हणजे टिळकांचं ताई महाराज प्रकरण. ताई महाराज या बाबा महाराजांच्या विधवा, टिळक त्या इस्टेटीचे एक विश्वस्त. १९०१ च्या दत्तकावरून सुरू झालं. फौजदारी बाजूला १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेटने टिळकांना खोट्या शपथेबद्दल दीड वर्षाची शिक्षा दिली, सेशन्स कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली, आणि १९०४ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं. दिवाणी बाजू वेगळीच. खालच्या कोर्टात दत्तक ठरला, १९१० मध्ये हायकोर्टाने ते उलटवलं, आणि शेवटी १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा टिळकांच्या बाजूने निकाल दिला. मधली सहा वर्षं ते मंडालेत होते, तरी दावा सोडला नाही!

उंटावरचा_शहाणा

टिळकांकडे चिकाटी होती, आपल्याकडे गुडघेदुखी आहे.

बोरूबहाद्दर

पण फौजदारीत खटला पुन्हा चालतोच की. गुजरात दंगलीतलं बेस्ट बेकरी हत्याकांड आठवत नाही का? आणि पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणारे नौदल अधिकारी नानावटी? ज्युरीने सोडलं होतं त्यांना.

काळा_कोट

चालतो, पण दोन्ही उदाहरणं अपवादाची. बेस्ट बेकरीत २००३ मध्ये वडोदऱ्याच्या कोर्टाने २१ जणांना सोडलं. साक्षीदार फिरले होते. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो खटला खटल्यासारखा झालाच नाही असं म्हणून फेरखटल्याचा आदेश दिला आणि तो महाराष्ट्रात चालवायला लावला. नानावटीत फेरखटला झालाच नाही. १९५९ मध्ये ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषचा कौल दिला, तो सेशन्स जज्जांना पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने पुरावा तपासून जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली.

थोडक्यात, निकाल चुकीचा आहे एवढ्याने फेरखटला मिळत नाही. निकालाचा रस्ताच मोडका होता, हे दाखवावं लागतं.

दोन_आणे

माझ्या बहिणीच्या केसमध्ये आरोपी सुटला. सरकारी वकील म्हणाले, सरकार अपील करेल की नाही सांगता येत नाही. तेव्हा आम्हाला कुणीच सांगितलं नाही की २००९ च्या दुरुस्तीनंतर पीडित व्यक्तीला स्वतः अपील करता येतं. तीन महिने मंत्रालयाकडे डोळे लावून बसलो. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडो म्हणून लिहिलं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

सायसाखर

@दोन_आणे, 🙏

संपादक_मंडळ

फौजदारीवर चर्चा करायची असल्यास वेगळा धागा काढावा. हा धागा वाटपाच्या दाव्यापुरता राहू द्या.

पायवाट (४ जुलै)

नक्कल आणली. निकालपत्र ४१ पानी.

ट्रंकेबद्दल लिहितो म्हणालो होतो. चार दिवस लिहू की नको यात गेले. वडील म्हणतात, ट्रंक आत्याकडे होती असं प्रतिज्ञापत्रात लिहू. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. म्हणजे विचारायला कुणी नाही. खरं सांगायचं तर ट्रंक आमच्याच माळ्यावर होती. सगळ्यांना दिसत होती. तिच्यावर गाद्या ठेवल्या होत्या. वडिलांना वाटायचं त्यात आजीची भांडी आहेत.

टोपणनाव आहे म्हणून लिहितोय.

नांगरट

भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मानलं. पण आत्याचं नाव घालू नका. चुलत्यांच्या मुलांना तुमच्या घरातली ट्रंक माहीत नसेल असं वाटतं का? लहानपणी त्याच गाद्यांवर तेही झोपले असतील.

पायवाट

झोपले आहेत. एकाने त्या ट्रंकेवर डोकं आपटून टाके घातले होते.

कावळा

म्हणजे ट्रंकेच्या ठावठिकाण्याचा पुरावा वादीच्या कपाळावर आहे.

काळा_कोट

कावळेबुवा, हा शेरा मी कोर्टात वापरणार आहे.

पायवाट, गंभीरपणे. खोटं प्रतिज्ञापत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो बाजूला ठेवला तरी, एकदा ट्रंकेची गोष्ट खोटी ठरली की त्यातला कागदही खोटा वाटू लागतो. खरा कागद खोट्या कथेत गुंडाळून देऊ नका.

खरं सांगितलं तर काय होईल? नियम २७ मधलं "काळजी घेऊनही सापडला नाही" हे कारण लंगडं पडेल, हे मान्य. नऊ वर्षं माळ्यावर होता, समोरचा वकील हेच म्हणेल. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात सांगितलंय, की नजरचुकीने राहिलं किंवा वकिलाला महत्त्व कळलं नाही, ही कारणं नवा पुरावा घ्यायला पुरेशी नाहीत. पण त्याच नियमात आणखी एक वाट आहे. निकाल देण्यासाठी अपिलाच्या कोर्टालाच तो दस्त हवासा वाटला, तर ते घेऊ शकतं. ती वाट तुमच्या नाही, कोर्टाच्या मर्जीची. असा अर्ज सहसा अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबर ऐकतात. म्हणजे आधी मूळ अपिलात दम दिसला पाहिजे.

म्हणून ट्रंक थोडी विसरा. ४१ पानं वाचा. उलटतपास वाचा. चुलत्यांच्या मुलांनी पिंजऱ्यात काय काय कबूल केलंय?

बोरूबहाद्दर

पण कागद नोंदणीकृतच नाही ना? मग घेऊन तरी काय उपयोग?

काळा_कोट

तो प्रश्न कागदातल्या क्रियापदावर आहे.

खरंच सांगतोय. कागद जर "आज आम्ही अशी वाटणी करीत आहोत" म्हणत असेल, तर वाटणी त्या कागदानेच झाली. असा कागद नोंदवायलाच हवा होता, नाहीतर वाटणीचा पुरावा म्हणून चालत नाही. पण "मागे तोंडी वाटणी झाली आहे, ताबे दिले आहेत, त्याची ही याददास्त" असं असेल, तर तो झालेल्या गोष्टीचं नुसतं टिपण, आणि त्याला नोंदणी लागत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७६ च्या काळे प्रकरणात कौटुंबिक व्यवस्थेबाबत हा फरक नीट मांडलाय. मुद्रांकाचं वेगळं बघावं लागेल.

मोडी_वाचक

पन्नास वर्षांनी जमीन कुणाची ते मास्तरांच्या व्याकरणावर! पायवाट, वाक्य टंका इथे. नावं गाळून.

पायवाट (६ जुलै)

टंकतो. "आम्ही चौघे सख्खे भाऊ लिहून ठेवितो ऐसे जे, मागील पाडव्यास पंचांसमक्ष आमची घरोब्याने वाटणी झाली असून ज्याचे त्याचे शेत ज्याचे त्याचे ताब्यात गेले आहे. त्याची याद राहावी म्हणून हे लिहिले." पुढे बांध आणि गट.

आणि शेवटी: "विहिरीचे पाणी चौघांत पाळीने घेणेचे आज रोजी ठरवीत आहोत."

मोडी_वाचक

शेत भूतकाळात, विहीर वर्तमानकाळात! मास्तरांना साष्टांग.

काळा_कोट

शेताचा भाग छान आहे. विहिरीवरून समोरचा वकील भांडेल, भांडू द्या. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ठिकाणाहून आला असेल, तर सह्या खऱ्या असल्याचं कोर्ट गृहीत धरू शकतं. गंमत बघा, इथे आता ट्रंक तुमच्या माळ्यावर असणंच फायद्याचं. वारसाच्या घरातली ट्रंक हेच तर योग्य ठिकाण! आत्याची गोष्ट रचली असती तर हे हातचं गेलं असतं.

खटपट्या

@पायवाट, वडिलांना हा प्रतिसाद छापून द्या.

सायसाखर

मी अजूनही आईच्या बाजूने. पण एक विचारते. हा तर फक्त प्राथमिक हुकूमनामा (नुसते हिस्से ठरवणारा) ना? अजून मोजणी, सरस-निरस (जमिनीची प्रत बघून तोल साधणं), प्रत्यक्ष वाटप सगळं व्हायचंय. अंतिम हुकूमनामा झाल्यावर एकदमच अपील केलं तर? तोवर कदाचित मनंही निवळतील.

काळा_कोट

सायसाखर ताई, मन निवळायला जरूर थांबा, अपिलाला थांबू नका. संहितेचं कलम ९७ म्हणतं, प्राथमिक हुकूमनाम्यावर ज्याने अपील केलं नाही, त्याला अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात प्राथमिकच चूक होता असं म्हणता येत नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, तेव्हा लोकांना वाटतं, अजून काहीच झालेलं नाही. आणि हिस्से तर ठरून गेलेले असतात. तडजोड अपील चालू असतानाही करता येते, उलट तेव्हा दोन्हीकडे थोडी भीती असते म्हणून लवकर होते.

आणखी एक. अपील दाखल झालं म्हणजे खालचं काम थांबलं असं नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.

नांगरट

याला दुजोरा. आमच्या शेजाऱ्यांनी अपिलाचा नंबर मिळाला म्हणून पेढे वाटले, आणि पुढच्या महिन्यात मोजणीवाले बांधावर.

उंटावरचा_शहाणा

मी आधी चुकीचं सांगितलं होतं, माफी. पण एक शंका. जिल्हा कोर्टात हरलो तर पुढे हायकोर्ट आहेच ना? मग आत्ताच एवढी घाई आणि मेहनत कशाला? खरी लढाई तिथे.

काळा_कोट

उलट आहे. खरी लढाई पहिल्या अपिलात. पुरावा पुन्हा तोलायचा हक्क, वस्तुस्थितीवर आणि कायद्यावरही, फक्त इथे मिळतो. दुसरं अपील कलम १०० खाली हायकोर्टात जातं आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. साक्षीदार खरं बोलला का खोटं, हे तिथे कुणी पुन्हा बघत नाही. लोक पहिल्या अपिलाचा मेमो (अपिलाची कारणं मांडणारा अर्ज) घाईत दोन पानांत उरकतात आणि मग हायकोर्टात नामांकित वकील लावतात. तोवर विहीर आटलेली असते.

पायवाट (१२ जुलै)

तुम्ही म्हणालात म्हणून सगळा पुरावा वाचला. रात्री दोन वाजेपर्यंत. नऊ वर्षांत एकदाही वाचला नव्हता, वकिलांकडे होता.

वादी क्रमांक १ चा उलटतपास, पान १४. "हे म्हणणे खरे आहे की, आमचे वडील व प्रतिवादी ३ यांचे वडील १९७५ पासून वेगवेगळी शेती कसत होते. हे खरे आहे की, आमच्या वडिलांनी सोसायटीचे कर्ज स्वतःच्या क्षेत्रावर एकट्याने घेतले होते. हे खरे आहे की, त्यास इतर भावांची संमती घेतली नव्हती." आठ-अ चे (कुणाच्या खात्यावर किती जमीन ते दाखवणारे) उतारेही वेगळे, निशाणी (कोर्टातला कागदाचा क्रमांक) ५२ आणि ५३. निकालपत्रात या पान १४ चा एक शब्द नाही. मी दोनदा शोधलं.

वकिलांना दाखवलं. ते थोडे गप्प झाले.

काळा_कोट

हे घ्या तुमचं अपील. ते ट्रंकेत नव्हतं, रेकॉर्डवर पडून होतं. वेगळी शेती म्हणजे वाटणी झालीच असं नाही, सोयीसाठीही लोक वेगळं कसतात, समोरचे हे म्हणतीलच. पण कर्ज, संमती नसणं, आठ-अ, हे सगळं एकत्र तोलायला हवं होतं आणि तोललंच नाही, हा भक्कम मुद्दा आहे. मेमोत पहिला मुद्दा हाच घ्या, पान आणि निशाणी क्रमांकासकट. कागदाचा अर्ज त्याच्या मागे.

बोरूबहाद्दर

नऊ वर्षांत एकदाही वाचलं नव्हतं??

पायवाट

नाही. तुम्ही तुमच्या दाव्याचा उलटतपास वाचलाय?

बोरूबहाद्दर

...आज वाचतो.

निळी_शाई

या दोन प्रतिसादांसाठी धागा वाचनखुणेत.

पायवाट (२२ जुलै)

शेवटचं अपडेट. काल अपील दाखल झालं. मुदतीत, दोन दिवस राखून. विलंब माफी लागली नाही. @खटपट्या, श्रेय दिलं.

वडिलांचं प्रतिज्ञापत्र खरं केलंय. "सदर ट्रंक माझ्या राहत्या घराच्या माळ्यावर होती व त्यात भांडी असल्याची माझी समजूत होती." सही करताना त्यांचा हात थांबला होता. मग म्हणाले, भांडी खरंच होती की. खाली दोन तांबे निघाले होते.

स्थगितीच्या अर्जावर नोटीस निघाली आहे. समोरच्यांनी आधीच कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांचे वकील पहिल्याच दिवशी हजर. बाहेर आल्यावर डोकं आपटलेला चुलतभाऊ भेटला. म्हणाला, ट्रंक अजून आहे का रे? आहे म्हटलं. आईने त्याला रविवारी जेवायला बोलावलंय. वकिलांना सांगितलेलं नाही.

उत्तरवादी एकूण सात. वयांची यादी केलीय, @नांगरट. भिंतीवर नाही लावली, आई चिडली. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय.

कावळा

रविवारी जेवायला येईल त्याला ते कपाट उघडू देऊ नका.